शिवणाच्या डब्याशेजारी सायकलचा डबा

मागच्या खेपेला आपण पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या डब्यांविषयी बोललो होतो. डाळींना ऊन, तिखटात हिंगाचा खडा, शेवयांना कोरडी बरणी. आजही एक डबाच भरायचा आहे. पण यात खाण्याजोगे काही नाही. रबराची ठिगळे, एक-दोन पाने आणि तेलाची बाटली असा हा डबा. "अगं बाई, ही आता आम्हांला सायकलवाली करते की काय!" असे म्हणून पान उलटू नका हं. आधी या डब्याची गोष्ट ऐका.

आम्ही राहतो शेंद्र्याला. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एके काळी मांगीरबाबाच्या जत्रेसाठी ओळखले जायचे. आता औद्योगिक वसाहतीमुळे लांबलांबच्या लोकांना ठाऊक झाले आहे. आमचे हे इथल्याच एका कारखान्यात पाळीवर जातात आणि मी एका शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली आसपासच्या वस्त्यांवरून सायकलीने येतात. कुणाची नवी, कुणाची भावाने वापरून सोडलेली, कुणाची आईने भिशीच्या पैशातून घेतलेली जुनी.

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. दहावीतली माझी एक विद्यार्थिनी सलग चार दिवस आली नाही. अक्षर मोत्यासारखे, निबंध तर असा लिहायची की वाचून दाखवावा. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या वस्तीवर गेले. वाटले, ताप-बीप असेल. बघते तर ती अंगणात धुणे वाळत घालत होती आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. मागचे चाक पार बसलेले.

तिची आई ओशाळून म्हणाली, "काय करावं बाई, सायकल पंचर हाय. ह्यांची रातपाळी, दिवसा झोपतेत. पोराला म्हणलं तर त्याला टाइम न्हाई. ढकलत रोडपस्तोर न्यायची तर चार किलोमीटर हाय. आन् खरं सांगू का, हे म्हणतेत, रोज रोज सायकलीचं झंझट कायला? दहावी झाली की बास करू."

ऐकून काळजात चर्र झाले. पोर काही बोलली नाही. चिमटे लावत राहिली.

"चल गं, आपण दोघी नेऊ," मी म्हटले. चिखलातून ढकलत ढकलत आम्ही ती सायकल मोठ्या रस्त्यावर नेली. साडीची पार दशा झाली. तिथल्या सायकलवाल्या मामांनी चाकाच्या तोंडाला थुंकीचे बोट लावले, बुडबुडा आला तसे हसले आणि म्हणाले, "पंचर कुठंय बाई? वॉलट्यूब गेलीय." इंचभर रबरी नळी बदलली, हवा भरली, झाले! दोन मिनिटांचे काम. पैसेही घेईनात.

मैत्रिणींनो, दोन रुपयांच्या नळीपायी त्या मुलीची चार दिवस शाळा बुडाली होती, आणि घरात "बास करू"पर्यंत बोलणे गेले होते.

त्या रात्री मला झोप लागेना. राग दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच आला. कुकरची रिंग मी बदलते. शिवणयंत्राचा पट्टा चढवते. गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावून गळती बघते. लग्नाआधी तीन वर्षे सायकलीने कॉलेजला जाऊन मी बी. ए. झाले, पण तीन वर्षांत एकदाही चाकाला हात लावला नाही. पंक्चर काढणे हे भावाचे काम! भाऊ घरी नसला की मी कॉलेज बुडवायची. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते. म्हणजे त्या आईपेक्षा मी कुठे शहाणी?

रविवारी मामांकडे गेले. "मामा, मला शिकवाल का?" ते म्हणाले, "बाई, माझा धंदा बुडवता का?" पण शिकवले. दोन रविवार गेले. ते जे शिकले, ते आज तुम्हांला सांगते.

डब्यात काय काय ठेवायचे

माझ्या डब्यातल्या वस्तू उपयोगाच्या क्रमाने सांगते. सगळे मिळून मला पाचशे रुपयांच्या आत पडले, आणि त्यात सर्वांत महाग वस्तू पंप.

१. पंप. पायाने दाबून धरायचा, दोन्ही हातांनी मारायचा उभा पंप घ्या. सायकलीला लावायचा छोटा हातपंप दिसायला गोंडस असतो, पण हात दुखून येतात आणि चाक काही कडक होत नाही. पंप घ्यायला जाताना सायकल बरोबर न्या. आपल्या साध्या सायकलींना सुईवाला वॉल असतो. काही नव्या सायकलींना मोटारसायकलसारखा. दोन्हींना पंपाचे तोंड वेगळे लागते. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेले असते. ते कळले नाही तर अंगठ्याने दाबून पाहा. कच्च्या पेरूसारखे कडक लागले म्हणजे ठीक. पिकल्या पेरूसारखे लागले तर हवा कमी आहे. कमी हवेवर चालवले की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. आठवड्यातून एकदा हवा पाहिली तर निम्मी दुखणी येतच नाहीत.

२. वॉलट्यूब. हातभर नळी आणून ठेवा, वर्षभर पुरते. चाक बसले की आधी पंक्चर समजू नका. हवा भरा, वॉलच्या तोंडाला पाण्याचे बोट लावा. गॅसची गळती बघतो ना, तसेच! बुडबुडा आला तर दोष नळीचा. नट सोडवून सुई बाहेर काढा, जुनी नळी ओढून टाका. नवी नळी इंचभर कापा, पाण्यात बुडवा आणि सुईच्या कडेचे छिद्र झाकून वरच्या जाड भागापर्यंत चढवा. तेल लावून सरकवू नका, तेलाने रबर कुजते. सुई परत बसवून नट आवळा. सुई-दोरा ओवता येणाऱ्या बाईला हे जमणार नाही असे मी मुळीच मानायची नाही. मोटारसायकलसारखा वॉल असेल तर ही नळी लागतच नाही.

३. पंक्चरचे सामान. रबराची तयार ठिगळे, सोल्युशनची नळी, काचकागदाचा तुकडा आणि टायर उचलायच्या दोन पट्ट्या. पट्ट्या विकतच घ्या. मी पहिल्यांदा शहाणपणा करून चमच्याचा दांडा घातला आणि एका भोकाची दोन भोके केली. सोल्युशनची नळी एकदा उघडली की लवकर वाळते, म्हणून लहानच आणावी. ते चटकन पेट घेते आणि त्याचा वास मुलांना घातक. तेव्हा शेगडीपासून लांब आणि उंचावर ठेवायचे.

४. पाने. एकच पाना घ्यायचा तर दोन्ही टोकांना वेगवेगळी तोंडे असलेला, डंबेलसारखा दिसणारा सायकलचा पाना घ्या. सीट, हँडल, ब्रेक यांच्या बऱ्याच नटांना त्यातले एखादे तोंड बसतेच. पण मागच्या चाकाच्या नटासाठी त्याच मापाचा स्वतंत्र पाना हवा. नाहीतर तोंड घसरून नटाच्या कडा झिजतात. नव्या सायकलींना सहा कोनांच्या खाचेचे बोल्ट असतात, त्यांना अ‍ॅलन चावी लागते. घड्या घालायच्या सुरीसारखे, दहा हत्यारांचे जे पान्यांचे पाकीट दुकानात दाखवतात, ते साध्या सायकलीला फारसे उपयोगी नाही. मोह टाळा.

५. शिवणयंत्राचे तेल आणि दात घासायचा जुना ब्रश. हे तर घरात असतेच. ब्रशने साखळीची माती झाडायची, कोरड्या फडक्याने पुसायची, प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडायचा, पेडल उलटे फिरवायचे आणि वरचे तेल पुसून घ्यायचे. खायचे तेल मात्र घालू नका. ते काही दिवसांनी चिकट होते आणि धूळ धरते. खोबरेल तर थंडीत थिजते. शिवणयंत्राचे तेल पातळ असते, पावसात धुऊन जाते, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला हा उद्योग करावा. रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही. त्या रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या की रबर बदलायचे. ते फार स्वस्त मिळते.

६. कपडे वाळत घालायचा चिमटा. हसू नका! हे माझे सर्वांत लाडके हत्यार. सलवारीचा पाय साखळीत जातो, फाटतो आणि मुलगी पडते. उजव्या पायाची सलवार घोट्याशी घडी घालून चिमटा लावला की काम झाले. ओढणी मात्र कमरेला गाठ मारूनच बांधावी किंवा सरळ दप्तरात ठेवावी. मागच्या चाकात ओढणी अडकली की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे; पुन्हा पाहायचे नाही.

७. चकाकणारी पट्टी. आमच्या रस्त्याला कारखान्यांच्या लांबलचक मालगाड्या असतात. हिवाळ्यात शाळा सुटून वस्तीवर पोहोचेतो अंधारून येते. मागच्या मडगार्डवर तांबडी, पुढे पांढरी आणि दप्तरावर एक अशी चकाकणारी पट्टी लावा. गाडीचा उजेड पडला की ती लांबून दिसते. डोक्याला शिरस्त्राण परवडत असेल तर अवश्य घ्या. शोभत नाही म्हणून नाकारू नका.

आता खरेच पंक्चर असेल तर

आमच्या भागात दोन शत्रू. एक वेड्या बाभळीचा काटा, दुसरा रस्त्यावर सांडणारा लेथचा लोखंडी कीस. त्यामुळे खरी पंक्चरेही होतातच. चाक खोलायची गरज नसते. सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करा. सुई काढा, रिमवरचा नट काढा. टायर दोन्ही बाजूंनी दाबत दाबत सैल करा, एका बाजूने पट्टी घालून कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. सुई परत घालून थोडी हवा भरा, घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब थोडी थोडी बुडवत जा. बुडबुडे येतील तिथे पेनाने फुली मारा.

हवा सोडा, ट्यूब पुसून अगदी कोरडी करा. फुलीच्या जागी काचकागदाने घासा, म्हणजे ठिगळ धरते. ठिगळाहून थोडे मोठे असे सोल्युशन पातळ लावा आणि थांबा! इथेच सगळ्या घाई करतात. चमक जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, हात लावायचा नाही. तेवढ्यात चहा टाकावा. मग ठिगळ ठेवून पालथ्या चमच्याने चांगले दाबून घासा. वरून खडूची भुकटी भुरभुरवा, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. खडू कुठला ते विचारू नका, शिक्षिकेच्या पर्समध्ये तुकडे निघतातच.

ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून सुती साडीचे फडके फिरवा. काटा असेल तिथे ते अडकेल. उघडे बोट फिरवू नका. काटा काढल्याशिवाय ठिगळ लावणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे. शेवटी ट्यूबमध्ये जराशी हवा भरून ती आत बसवा आणि टायरची कड अंगठ्यांनीच दाबत चढवा. पट्टीने चढवली तर नवी ट्यूब चिमटते.

पहिल्या वेळी मला सव्वा तास लागला. आता पाऊण तासाच्या आत होते.

आता तुम्ही म्हणाल, चार रुपये टाकले की मामा करून देतात, मग हा खटाटोप कशाला? मामा चांगलेच आहेत. पण ते चार किलोमीटरवर आहेत आणि चाक बसते ते सकाळी साडेसहाला.

सायकल मिळणे ही अर्धीच गोष्ट आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सरकारने सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले; आणि ही वाढ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब आहे अशा गावांत झाली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागे पडलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार होते, २०२२ साली पाच हजार झाले. उत्तम गोष्ट आहे. पण सायकल दारात आल्यावर तिची हवा, तेल, ठिगळ घरानेच बघायचे असते. आणि घरात ते "पुरुषांचे काम" ठरले की पुरुषांना वेळ होईतो मुलीने थांबायचे. दोन दिवसांचे चार होतात, चाराचे आठ. मग अभ्यास मागे पडतो, आणि "तिचे मनच लागत नाही शाळेत" असे म्हणायला सगळे मोकळे.

हत्यारांना हात लावणे बाईला शोभत नाही असे वाटणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. हवेचा टायर आला जॉन बॉइड डनलप या बेलफास्टमधल्या गुरांच्या डॉक्टरमुळे. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्याने तो घरी तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. तिथून पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी झाली. आणि त्याच किर्लोस्कर घराण्याने १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू केले. तेव्हा सायकलची दुरुस्ती आणि बायकांचे मासिक यांचे नाते तसे जुनेच म्हणायचे!

असो. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. ऑगस्टपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही काही जणी शाळेच्या पडवीत बसू लागलो. एक घमेले, एक पंप, जुनी ट्यूब. पहिल्या शनिवारी सहा मुली होत्या. त्यांना पाहून मुलगेही घुटमळायला लागले. त्यांनाही कुठे येत होते? माझी ही विद्यार्थिनी पहिल्या दोन शनिवारांतच शिकली आणि तिने घरी जाऊन आईला शिकवले. नोव्हेंबरमध्ये एकदा ती सकाळी दहा मिनिटे उशिरा आली. हात काळे, चेहरा घामेजलेला. "का गं उशीर?" मी विचारले. म्हणाली, "बाई, काटा शिरला होता. आईनं ठिगळ लावलं, मी हवा भरली." मी हजेरीत उशिराची खूण केली नाही. नियमात बसत नाही, पण केली नाही.

दहावी ती चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीला आता आणखी लांब जावे लागणार. वडील अजून "बघू" म्हणतात. मी दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा जाणार आहे. पण "सायकलीचं झंझट" हे कारण आता त्या घरात कुणी सांगत नाही. उरलेल्या कारणांशी भांडायला तेवढेच बळ आले.

आमच्या घरी शिवणाच्या डब्याशेजारी हा डबा ठेवलेला असतो. सासूबाईंनी आधी नाक मुरडले. "सुनबाई, घरात आता हेच बघायचं राहिलं होतं!" परवा त्यांचे नातवंड रडत आले तेव्हा मात्र म्हणाल्या, "रडू नको रे, आईचा तो काळा डबा आण."

तर मैत्रिणींनो, या रविवारी एवढेच करा. दारातल्या सायकलीच्या वॉलला पाण्याचे बोट लावून पाहा. बुडबुडा आला तर कात्री घ्या आणि इंचभर नळी कापा. हे करताना मुलीला शेजारी बसवून घ्या, आणि मुलालासुद्धा. हात काळे झाले तर घाबरू नका. चमचाभर बेसन आणि खोबरेल तेल चोळले की स्वच्छ निघतात.

पुढच्या अंकात पावसाळ्यात कपडे घरात वाळवताना येणारा कुबट वास कसा टाळायचा ते पाहू.